ॲस्बेस्टॉसजन्य उदरकर्करोग : व्यवसायजन्यतेचे निर्धारण

कामाच्या ठिकाणी ॲस्बेस्टॉसच्या तंतूंशी संपर्क आल्यामुळे होणारे पोटातील कर्करोग, तसेच असा रोग कामामुळे झाला की नाही हे ठरवण्याची पद्धत.

पुरावा : आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०१२ च्या प्रबंधानुसार (खंड १००-सी) फुप्फुस, स्वरयंत्र व अंडाशय यांचे कर्करोग आणि मेसोथेलिओमा (अवयवांवरील आवरणाचा कर्करोग) यांबाबत पुरावा पुरेसा आहे, घसा, जठर आणि मोठे आतडे-गुदाशय यांबाबत तो मर्यादित आहे. पर्युदराचा (पोटातील अवयवांवरील पातळ आवरणाचा) मेसोथेलिओमा विरळा असल्याने त्याचे निदान होताच ॲस्बेस्टॉसचा शोध घ्यावा लागतो. जठर व आतड्याच्या कर्करोगांना इतरही कारणे असतात. तेथे संपर्काची तीव्रता, काळ आणि सोबतचा ॲस्बेस्टॉसिस (ॲस्बेस्टॉसच्या तंतूंमुळे होणारा फुप्फुसांचा आजार) यांचा एकत्रित विचार करतात.

निदान : संपर्कानंतर रोग दिसेपर्यंत बहुधा २० ते ४० वर्षे जातात. पोटात पाणी होणे, दुखणे, वजन घटणे ही लक्षणे पोटाच्या क्षयातही आढळतात. म्हणून ऊतिपरीक्षेइतकाच रुग्णाच्या जुन्या कामांचा तपशील महत्त्वाचा ठरतो.

कायदा : कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ च्या तिसऱ्या अनुसूचीत ॲस्बेस्टॉसजन्य फुप्फुसाचा कर्करोग व मेसोथेलिओमा होते, अंडाशयाचा कर्करोग नव्हता. पुरावा पुरेसा ठरूनही स्त्री-कामगारांचा हा रोग यादीबाहेर राहणे अन्यायाचे होते. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा ती सुटल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जो काळ नंतर संपेल तोपर्यंत जपण्याचा आदेश दिला.

महाराष्ट्र : मुंबईतील एका ॲस्बेस्टॉस कारखान्याच्या कामगारांची व्ही. मुरलीधर व विजय कान्हेरे यांनी केलेली पाहणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. तपासलेल्यांपैकी पाचव्या हिश्शाहून अधिक कामगारांना ॲस्बेस्टॉसिस आढळला. ही पाहणी फुप्फुसांची होती. तरीही एवढा संपर्क आलेल्यांच्या पोटाच्या तक्रारी तपासताना त्यांचे कामही विचारात घ्यावे लागते.

आंबी (ता. मावळ, जि. पुणे) तळेगाव औद्योगिक क्षेत्रालगत आहे. अशा पट्ट्यात ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे जुने पत्रे कापणारा, छिद्रे पाडणारा वा शेड पाडणारा कंत्राटी कामगार ठेकेदार बदलत राहिला, तर त्याच्या संपर्काची नोंद कोणत्याच एका मालकाकडे सापडत नाही. त्यामुळे कामाची जागा, वर्षे व हाताळलेले साहित्य डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिणे हे उपचाराइतकेच कर्तव्य आहे. पुढे भरपाईचा दावा याच नोंदीच्या आधारे उभा राहू शकतो.