उन्हाचा राखणदार

वैशाखात जळगावात छपरावरच्या टाकीचे पाणी आपोआप चटका देते. पण उन्हाकडून हवे तेवढेच काम करून घ्यायचे, तर जवळ माणूस उभा लागे. मुंबईतले इंग्रज अधिकारी विल्यम अ‍ॅडम्स यांनी 1878 साली कुलाब्याला, आपल्या आवारात, आरसे मांडून ऊन तांब्याच्या बॉयलरवर घेतले. वाफेने अडीच अश्वशक्तीचा पंप चालला! मात्र सूर्य सरकला की आरशांची चौकट हलवायला गडी हवाच. त्या गड्याची आठवण कोण ठेवतो?

धुळ्या-जळगावात डिसेंबरच्या पहाटे पोहण्याच्या तलावाचे पाणी अंगावर काटा आणते. ते उन्हाने तापवायचे, तर आता गड्याचे काम कंट्रोलरची पेटी करते. तिचे उष्णतामापक दोन: एक छपरावर, तापणाऱ्या पत्र्यांशेजारी उन्हात, दुसरा तलावातून पंपाकडे येणाऱ्या नळावर. छप्पर पाण्यापेक्षा काही अंशांनी अधिक तापले की पेटी झडप वळवून पाणी वर धाडते. ढग आले, किंवा पाणी ठरवल्याइतके ऊन झाले, की थांबवते. दुसरा मापक चुकून परतीच्या नळावर बसला, तर तलाव गारच राहतो आणि पेटी समजते, काम झाले!

चांगली पेटी उलटेही करते. मे महिन्यात रात्री तेच पाणी छपरावर फिरवून निववते. खानदेशाला खरे तर हाच उपयोग मोठा.