विद्यावाचस्पती पदवी आणि आपला वनप्रदेश

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी गुणवंतांची यादी प्रसिद्ध होते. तीत अभियंते असतात, वैद्य असतात, बँकेत व शासनसेवेत लागलेले तरुण असतात, आणि त्यांचा अभिमान आपणां सर्वांस वाटतो. परंतु इतिहास, मराठी वा समाजशास्त्र या विषयांत पीएच. डी. करीत असलेल्या मुलामुलींची नावे त्या यादीत क्वचितच आढळतात. “डॉक्टर होणार, पण औषध देणार नाही, मग उपयोग काय?” असा प्रश्न घरोघर ऐकू येतो. प्रस्तुत लेखक मॅट्रिकपर्यंतच शिकलेला एक सेवानिवृत्त शिक्षक आहे. तथापि या पदवीचा आपल्या भागातील इतिहास ज्ञातिबांधवांपुढे ठेवावा, म्हणजे त्या प्रश्नाचा विचार नीट करता येईल, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ साली झाली. तत्पूर्वी नागपूरची हिस्लॉप व मॉरिस ही महाविद्यालये अलाहाबाद विद्यापीठास जोडलेली होती. ज्यास संशोधन करावयाचे त्याने दूरदेशी जावे, अशीच तेव्हाची स्थिती होती. कै. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर हे त्या काळातील ठळक उदाहरण होय. त्यांचा जन्म १८८४ साली रायपूर येथे झाला व शालेय शिक्षण अमरावतीस झाले. १९०६ साली ते अमेरिकेस गेले आणि १९११ साली त्यांनी कॉर्नेल विद्यापीठाची पीएच. डी. मिळविली. त्यांच्या संशोधनाचा विषय होता हिंदुस्थानातील जातिसंस्थेचा इतिहास. मनुस्मृतीच्या काळी समाजाची स्थिती कशी होती, याचा शोध त्यांनी त्यात घेतला. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत या विषयाचे स्मरण व्हावे, हे उचितच आहे.

याच ग्रंथाची पुढील कथा अधिक बोधप्रद आहे. केतकरांनी जातीची दोन लक्षणे सांगितली होती. जातीत जन्मलेल्यासच जातीत स्थान, हे एक. आणि जातीबाहेर विवाहास बंदी, हे दुसरे. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात शिकत असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या निबंधात या व्याख्येची चिकित्सा केली. ही दोन वेगळी लक्षणे नसून एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, कारण बाहेर विवाह बंद केला की बाहेरच्याचा प्रवेश आपोआपच बंद होतो, असे त्यांनी दाखविले. प्रबंधाचे खरे मोल येथे दिसते. लिहिलेले कोणी मान्य करावे म्हणून नव्हे, तर पुढच्याने ते तपासावे म्हणून प्रबंध लिहावयाचा असतो.

परत आल्यावर केतकरांनी तेवीस खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश सिद्ध केला. त्या कार्याचा आरंभ नागपुरात झाला व पुढे ते पुण्यास गेले. ‘गोंडवनातील प्रियंवदा’ ही त्यांची कादंबरी तर आपल्याच प्रदेशाचे नाव धारण करते.

दुसरे उदाहरण दुर्गाबाई भागवतांचे. पीएच. डी. साठी त्यांनी मध्य प्रांतातील आदिवासींच्या संस्कृतीचा विषय घेतला व त्या अरण्यात हिंडल्या. तेथे विषारी सुरण खाण्यात आल्याने त्या कित्येक वर्षे अंथरुणास खिळल्या आणि पदवी राहून गेली. पण अभ्यास राहिला नाही. ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ हा त्यांचा ग्रंथ १९५६ साली निघाला आणि १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. पदवी न मिळताही विद्या फुकट जात नाही, हे त्यांच्या चरित्रावरून कळते.

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. चंद्रपूरहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर. सिरोंच्याहून तर त्याच्या दुपटीहून अधिक. विद्यापीठाच्या एका सहीसाठी दोन दिवस मोडत असत. १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि २०११ साली दोन्ही जिल्ह्यांकरिता गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. विद्यापीठ आपल्या दारी आले, हा आपल्या शैक्षणिक इतिहासातील मोठाच टप्पा होय.

विषयांची तर येथे वाण नाही. नागभीडजवळच्या देवटेक येथील शिळेवर प्राणिहत्येस मनाई करणारा अशोककालीन लेख व वाकाटक रुद्रसेनाचा लेख, असे दोन लेख एकत्र आढळले, म. म. वासुदेव विष्णु मिराशी यांनी त्यांचा अभ्यास केला. मार्कंड्याची मंदिरे, १८५८ साली चांद्यास फाशी गेलेले वीर बाबूराव शेडमाके, १९५१ साली संपुष्टात आलेल्या जमीनदाऱ्या, मालगुजारी तलाव, माडिया बोली, झाडीपट्टीची नाटके, यांतील प्रत्येक विषय अनेक प्रबंधांस पुरेल. १८६३ साली निवर्तलेल्या हिस्लॉप या पाद्र्याने गोंडांच्या कथा व गीते टिपून ठेवली. जे परक्याने दीडशे वर्षांपूर्वी केले, ते येथील मुलांनी करू नये काय?

मार्ग सोपा आहे असे मात्र कोणी समजू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे या पदवीस किमान तीन वर्षे लागतात व सामान्यतः सहा वर्षांची मर्यादा असते. पदव्युत्तर परीक्षेत साधारणतः ५५ टक्के गुण लागतात; मागासवर्गीयांस पाच टक्के सवलत आहे. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाल्यास १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये ठरले आहेत. बार्टी, महाज्योती, सारथी या संस्थाही आपापल्या प्रवर्गातील संशोधकांस साहाय्य करतात. परंतु ज्यास यांपैकी काहीच मिळत नाही, त्याची पाच-सहा वर्षे घरच्या धानाच्या शेतीवर निघतात. पदवीनंतर प्राध्यापकाची जागा मिळेलच, असेही आश्वासन कोणी देत नाही. मुलीच्या बाबतीत तर विवाहाचा प्रश्न मध्येच उभा राहतो आणि अर्धा प्रबंध पेटीत जातो. ही हानी त्या मुलीची आहे तशीच आपलीही आहे, कारण तिने गोळा केलेली माहिती सांगणारी वृद्ध माणसे पुन्हा भेटत नाहीत.

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीस तीन नम्र सूचना कराव्याशा वाटतात. मंडळाची शिष्यवृत्ती पदवी-पदविकांपुरती न ठेवता, अधिछात्रवृत्ती न मिळालेल्या एका तरी संशोधकास प्रबंध पूर्ण होईतो द्यावी. ज्यांच्या घरी जुने दस्तऐवज, सनदा वा हिशेबाच्या वह्या असतील, त्यांनी त्या वाळवीच्या हवाली न करता अभ्यासकांस पाहू द्याव्यात. आणि ज्यांच्या घरी संशोधन करणारी कन्या असेल, त्यांनी विवाह ठरविताना तिचा प्रबंध पुरा होऊ देण्याची अट वरपक्षाकडे मोकळेपणाने बोलून घ्यावी.

पुढील स्मरणिकेच्या गुणवंतांच्या यादीत या पदवीचे एक स्वतंत्र सदर असावे आणि नावापुढे प्रबंधाचा विषयही छापावा, म्हणजे वाचणाऱ्या लहान मुलांस तो कळेल.