जप्तीची अट म्हणजे कायदा नव्हे

मंगरूळपीरसारख्या तालुक्याच्या गावात भाडेखरेदीचा व्यवहार बऱ्याचदा साध्या स्टॅम्पपेपरवर उरकतो. आधी इसार, मग घराचा ताबा. दरमहा भाडे आणि त्यातला काही भाग किमतीत वळता. मुदतीत उरलेली रक्कम दिली की खरेदीखत. हप्ते झेपेनासे झाले की जाणते सांगतात, ‘सही केली ना? आता मागे फिरलास तर भरलेले सगळे बुडाले.’ करारातही तशीच अट असते, म्हणून हा समज पक्का होतो.

कायदा मात्र असे म्हणत नाही. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 नुसार करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली, तरी मिळते ती वाजवी भरपाई. लिहिलेला आकडा ही तिची फक्त कमाल मर्यादा. सर्वोच्च न्यायालयाने 1963 साली फतेह चंद विरुद्ध बालकिशन दास या खटल्यात हेच ठरवले. खरेदीदाराने 1,000 रुपये इसार आणि ताबा घेताना 24,000 रुपये दिले होते. करार मोडल्यास सगळे 25,000 जप्त, अशी अट होती. न्यायालयाने जप्ती मान्य केली ती 1,000 रुपयांची. पुढे 2015 मध्ये कैलाशनाथ असोसिएट्सच्या खटल्यात 78 लाखांचा इसारही परत करावा लागला. दिल्ली विकास प्राधिकरणाने 3.12 कोटींचा तो भूखंड नंतर 11.78 कोटींना विकला होता, मग नुकसान कसले?

यावर घरमालक म्हणेल, ‘माझे घर अडकून पडले, दुसरे गिऱ्हाईक गेले.’ आक्षेप रास्त आहे. त्याने नुकसान दाखवावे, तेवढे घ्यावे. खरेदीदार घरात राहिला तेवढ्या महिन्यांचे वाजवी भाडेही त्याचेच. पण किमतीपोटी दिलेले हप्ते हे भाडे नव्हे आणि इसारही नव्हे.

दुसऱ्या टोकाचा सल्लाही तितकाच घातक : ‘करार नोंदवलेला नाही, म्हणजे रद्दी, भाडे थांबव आणि घरात बसून राहा.’ 24 सप्टेंबर 2001 नंतरचा ताब्याचा करार नोंदणीकृत नसेल, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 53-अ चे ताब्याला मिळणारे संरक्षण जाते. तरीही करारपूर्तीच्या दाव्यात तो पुरावा म्हणून चालतो. मात्र महाराष्ट्रात ताब्यासह केलेल्या साठेखताला खरेदीखताइतकेच मुद्रांक शुल्क लागते. कमी पडलेले शुल्क व दंड भरल्याशिवाय न्यायालय तो कागद वाचत नाही.

म्हणून बाहेर पडायचे तर हिशेबाने पडावे. इसार, भाडे आणि किमतीचे हप्ते यांचा तक्ता पावत्यांसह वेगवेगळा मांडावा. पोस्टाने पोचपावतीसह नोटीस द्यावी, ताबा परत देताना लेखी पोच घ्यावी. मालकाचीच मालकी सदोष असेल किंवा तोच खरेदीखत टाळत असेल, तर दिलेल्या रकमेचा व्याजासह बोजा त्या घरावर सांगता येतो. करारपूर्तीचा दावा लावलात तर परताव्याची पर्यायी मागणी दाव्यात लिहाच. विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 22 प्रमाणे न मागितलेला परतावा न्यायालय देत नाही. अशा दाव्यांची मुदत साधारण 3 वर्षांची, तेव्हा रेंगाळू नका.

वकिलाची फी परवडत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही.