छात्राध्यापकांची जीवनमूल्ये (चंडीगड)

शिक्षक होऊ घातलेले विद्यार्थी ज्ञान, पैसा, समाजसेवा, धर्म, आरोग्य, घराण्याची प्रतिष्ठा यांपैकी कशाला अग्रक्रम देतात, याचा विचार शिक्षणशास्त्रात या विषयाखाली होतो. चंडीगडमध्ये पंजाब विद्यापीठ, सेक्टर २० मधील शासकीय शिक्षण महाविद्यालय आणि सेक्टर ३६ मधील देव समाज शिक्षण महाविद्यालय ही शिक्षक-प्रशिक्षणाची परिचित केंद्रे आहेत.

मूल्यमापनाच्या या परंपरेचे मूळ जर्मन विचारवंत एडुआर्ड श्प्रांगर यांनी मांडलेल्या सहा व्यक्तिप्रकारांत आहे. त्यांच्या आधारे गॉर्डन ऑलपोर्ट आणि फिलिप व्हर्नन यांनी १९३१ मध्ये मूल्यचाचणी तयार केली. भारतात शेरी व वर्मा यांची दहा मूल्यांची प्रश्नावली बरीच वापरली जाते. तिच्यात लोकशाही आणि कुलप्रतिष्ठा यांनाही स्वतंत्र स्थान आहे. आपल्याकडच्या तरुणांचे निर्णय घरच्यांच्या मताशी किती बांधलेले असतात हे पाहता, ही भर मोलाची ठरते.

या चाचण्यांत सर्वच गोष्टी आवडतात असे म्हणता येत नाही. एकीला वर ठेवले की दुसरी खाली जाते. ऑलपोर्ट-व्हर्नन चाचणीच्या १९६० च्या आवृत्तीत प्रत्येकाच्या गुणांची बेरीज २४० च भरते, म्हणजे सहा मूल्यांना सरासरी ४०. त्यामुळे एखाद्या वर्गाचे आर्थिक मूल्य वाढलेले दिसले, तर बाकीच्या पाचांत मिळून तेवढी घट दिसणारच. त्यावरून नव्या पिढीची समाजाबद्दलची आस्था आटली असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे.

अग्रक्रमांवर परिस्थितीचा दाब असतो. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि त्यात शाळेतील अनुभवासाठी किमान २० आठवडे आले. पदवीनंतर आणखी दोन वर्षे कमाईविना काढायची आणि पुढे पात्रता परीक्षाही द्यायची, तेव्हा नोकरीची शाश्वती मनात येणे स्वाभाविक आहे. चंडीगड प्रशासनाच्या कर्मचाऱ्यांना १ एप्रिल २०२२ पासून केंद्रीय सेवानियम लागू झाले. निवृत्तीचे वय ५८ वरून ६० झाले, महिलांची बालसंगोपन रजा एका वर्षावरून दोन वर्षांवर गेली. महाराष्ट्रात नव्या शिक्षकाला आधी तीन वर्षे मानधनावर शिक्षणसेवक म्हणून काढावी लागतात. अशा दोन ठिकाणच्या छात्राध्यापकांचे आर्थिक गुण शेजारी मांडताना हा फरक सांगितलाच पाहिजे.

प्रश्नावलीत न येणारे बरेच काही सराव पाठात दिसते. टाचण पूर्ण आहे, मागच्या बाकावर निरीक्षक बसले आहेत, आणि एका मुलीला उदाहरण समजलेले नाही. तिच्यासाठी थांबावे तर पाठ अपुरा राहतो आणि गुण जातात; पुढे जावे तर ती मागे पडते. तेव्हा छात्राध्यापक काय करतो, याची नोंद निरीक्षणाच्या तक्त्यात असायला हवी. बारावीनंतरचा चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम २०२३-२४ पासून देशात सुरू झाल्याने तेच विद्यार्थी प्रवेशाच्या वेळी आणि शेवटच्या वर्षी तपासण्यास अधिक अवधी मिळतो.