नव्या वसाहती, जुने रस्ते : वाहतूक सुरक्षेचा निर्णय कोणाच्या हाती?

शहराच्या कडेला एखाद्या शेतजमिनीवर गृहप्रकल्प उभा राहतो. भोगवटा प्रमाणपत्र मिळते, चार-पाचशे कुटुंबे राहावयास येतात, शाळेच्या बसगाड्या प्रवेशद्वाराशी थांबू लागतात. समोरचा रस्ता मात्र बैलगाडीच्या वाटेवर डांबर ओतून केलेला असतो. त्याला पदपथ नसतो, दिवे नसतात, पादचारी पट्टेही नसतात. पहिला गंभीर अपघात झाला की गतिरोधकाची मागणी पुढे येते, नगरसेवकाला निवेदन दिले जाते आणि एका रात्री रस्त्यावर डांबराचा उंचवटा उगवतो. पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, नाशिक अशा वाढत्या शहरांतील रहिवाशांना हा क्रम परिचित आहे. तो निर्णय कोणी घेतला, कोणत्या अधिकारात घेतला आणि मुळात तो योग्य होता का, याची चौकशी सहसा होत नाही.

चौकशी करण्याजोगा हा विषय आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांत ३२,८२५ पादचारी होते. म्हणजे मृतांपैकी जवळजवळ प्रत्येक पाचवी व्यक्ती पायी चालणारी होती.

रस्ता तुकड्यातुकड्याने का येतो?

नव्या वसाहतीसमोरील धोक्याचे मूळ बहुधा चालकाच्या बेफिकिरीच्याही आधी, रस्ता ताब्यात येण्याच्या पद्धतीत असते. विकास योजनेत १८, २४ किंवा ३० मीटर रुंदीचा रस्ता आखलेला असतो, पण तो कागदावर. त्याखालील जमीन महापालिकेने मिळवायची असते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२६ मध्ये त्याचे तीन मार्ग सांगितले आहेत : संमतीने मोबदला देऊन, चटईक्षेत्र निर्देशांक किंवा हस्तांतरणीय विकास हक्क म्हणजे टीडीआर देऊन, अथवा भूसंपादन कायद्यान्वये. रोख मोबदला देण्याची ऐपत फार थोड्या महापालिकांकडे असल्याने दुसरा मार्गच रूढ झाला आहे. बांधकाम परवानगी घेताना विकासक आपल्या भूखंडातील रस्त्याखालची जागा महापालिकेच्या हवाली करतो. शेजारच्या भूखंडावर इमारत व्हायची नसेल, तर तेथील जागा मालकाकडेच राहते.

याचा परिणाम प्रत्यक्ष जागेवर दिसतो. संकुलासमोर दोनशे मीटर अंतरापर्यंत रस्ता ऐसपैस, आणि त्यापुढे अचानक कुंपण, झाड किंवा जुने घर. रुंद तुकड्यावर वाहने वेग घेतात आणि अरुंद तोंडाशी एकमेकांवर येतात. रात्री दिवे नसतील तर हा सांधा विशेष घातक ठरतो. विकास योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर जमीनमालकाला कलम १२७ खाली खरेदीची नोटीस देता येते; त्यानंतर २४ महिन्यांत (२०१५ च्या दुरुस्तीने ही मुदत वाढवण्यात आली) महापालिकेने संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षणच रद्दबातल होते. म्हणजे नकाशावरचा रस्ता केवळ लांबतो असे नाही, कधी कधी तो पुसलाही जातो.

भोगवटा प्रमाणपत्र इमारतीच्या पूर्णतेवर मिळते. समोरचा रस्ता चालण्यायोग्य आहे की नाही, याच्याशी त्याचा व्यवहारात फारसा संबंध ठेवला जात नाही. या सर्व व्यवस्थेतील सर्वांत मोठे छिद्र आमच्या मते हेच आहे.

महापालिका, पोलीस आणि इतर

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ अन्वये सार्वजनिक रस्ते महापालिकेच्या मालकीचे होतात आणि ते बांधणे व दुरुस्त ठेवणे हे तिचे बंधनकारक कर्तव्य आहे. (मुंबईला १८८८ चा स्वतंत्र कायदा लागू आहे, तर लहान शहरांतील नगरपरिषदांना १९६५ चा.) पदपथ, दुभाजक, दिवे, चौकाची रचना, गतिरोधकाचे बांधकाम ही कामे महापालिकेच्या पथ विभागाची. रस्त्याची रेषा कलम २१० खाली ठरते. आयुक्तांकडून येणारे असे प्रस्ताव समितीपुढे मांडले जातात.

एकेरी वाहतूक, वाहने उभी करण्यास मनाई, अवजड वाहनांना ठरावीक वेळी प्रवेशबंदी, वेगमर्यादा हे निर्णय मात्र महापालिकेचे नाहीत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११२, ११५, ११६ व ११७ खाली राज्य शासनाला असलेले हे अधिकार पोलिसांच्या वाहतूक शाखेमार्फत वापरले जातात. प्रथम प्रायोगिक तत्त्वावर तात्पुरता आदेश निघतो, हरकती व सूचना मागविल्या जातात आणि त्यानंतर अंतिम आदेश होतो. वृत्तपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत येणारी ही सूचना रहिवाशांनी वाचली पाहिजे, कारण मत नोंदवण्याची अधिकृत संधी तेवढीच असते. नव्या वसाहतींच्या परिसरात बांधकाम वर्षानुवर्षे चालू राहते. सिमेंट काँक्रीटचे मिक्सर आणि डंपर शाळेच्या वेळीच धावत असतील, तर त्यावरचा इलाज महापालिकेच्या सभेत नसून या आदेशात आहे.

त्यापलीकडेही गुंतागुंत आहे. पुण्याचा कात्रज-देहूरोड बाह्यवळण मार्ग हे त्याचे ठळक उदाहरण. शहराबाहेरून जाण्यासाठी काढलेल्या या मार्गाच्या दोन्ही अंगांना पुढे नऱ्हे, आंबेगाव, वडगाव, वारजे, बाणेर अशी वस्ती वाढली आणि बाह्यवळण शहराच्या पोटात आले. रस्ता राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, आजूबाजूच्या इमारतींना परवानगी देणारी महापालिका, आणि वाहतूक नियंत्रण पोलिसांचे. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या तीव्र उतारावर २० नोव्हेंबर २०२२ रोजी एका अवजड वाहनाने अनेक वाहनांना धडक दिली. त्यानंतर उपाययोजना जाहीर झाल्या, तरी नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच परिसरात पुन्हा भीषण अपघात होऊन अनेकांचे प्राण गेले. उताराचे गणित बदलणे हे एका वॉर्डातल्या ठरावाचे काम नव्हते. पण सेवा रस्ते अखंड ठेवणे, ते नसताना मोठ्या संकुलांना थेट महामार्गालगत प्रवेश न देणे हे स्थानिक परवानगीच्या टप्प्यावरचे प्रश्न होते.

हिंजवडी-माण-मारुंजी पट्ट्यात तर यजमानांची संख्या आणखी मोठी आहे. बांधकाम परवानगी २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची, काही रस्ते औद्योगिक विकास महामंडळाचे, काही सार्वजनिक बांधकाम खात्याचे व जिल्हा परिषदेचे, तर गल्ल्या ग्रामपंचायतीच्या. कोणता रस्ता कोणाचा, हे शोधण्यातच तक्रारदाराचे पहिले दोन महिने जातात.

गतिरोधक : नियम आणि उंचवटा

सर्वांत सोपा, स्वस्त आणि दिसणारा निर्णय म्हणजे गतिरोधक. त्याचे निकष इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ मध्येच घालून दिले आणि २०१८ मध्ये त्या पुस्तिकेची सुधारित आवृत्ती काढली. (या संस्थेची स्थापना १९३४ मध्ये झाली, ती रस्ते विकास समितीच्या शिफारशीवरून, आणि त्या समितीचे अध्यक्ष होते बॅ. मुकुंदराव जयकर. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून आणि तेथील ग्रंथालयाच्या नावामुळे ते मराठी वाचकांना ठाऊक आहेत. रस्त्यांशी असलेले त्यांचे नाते मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते.)

१९८८ च्या निकषांनुसार सर्वसाधारण वाहतुकीसाठीचा गोलसर गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटर वेगाने तो सुखरूप ओलांडता येतो. त्यावर काळे-पांढरे पट्टे असावेत आणि सुमारे ४० मीटर आधी सूचनाफलक असावा. एकापेक्षा अधिक हवे असतील तर त्यांत १०० ते १२० मीटर अंतर असावे. निवासी भागातील दुय्यम रस्ते, शाळा-रुग्णालयांचा परिसर, लहान रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो ती जागा, ही त्याची योग्य ठिकाणे. मुख्य मार्गांसाठी हा उपाय सुचविलेलाच नाही.

प्रत्यक्षात आढळतो तो अर्धा मीटर रुंदीचा, गुडघाभर वाटावा असा, न रंगवलेला उंचवटा. किंवा रबरी पट्ट्यांचा गतिरोधक, ज्याचे तुकडे वर्षभरात निखळून खिळे तेवढे रस्त्यात उरतात. अशा ठिकाणी मोटारी थांबतात, पण दुचाकीस्वार पडतो, रुग्णवाहिकेतील रुग्णाचे हाल होतात आणि पावसाळ्यात उंचवट्यापाशी पाणी साचून खड्डा पडतो. निकष पाळून केलेला गतिरोधक जीव वाचवतो, हे खरेच. तक्रार त्या साधनाविषयी नाही; मागणी झाली म्हणून मोजमाप न करता तो टाकण्याविषयी आहे. पुण्यात नगरसेवकांनी सुचविलेल्या कामांची ‘स’ यादी असते. त्या यादीतून होणाऱ्या छोट्या कामांना गती असते, मात्र तीमधून सलग पदपथ किंवा चौकाची पुनर्रचना क्वचितच साकारते.

वेग कमी करणे म्हणजे काय मिळवणे, हे साध्या गणिताने कळते. ताशी ३० किलोमीटरने जाणारे वाहन सेकंदाला सुमारे ८ मीटर, तर ५० किलोमीटरने जाणारे सुमारे १४ मीटर अंतर कापते. चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला, तर कोरड्या रस्त्यावर पहिले वाहन साधारण १३-१४ मीटरमध्ये पूर्ण थांबलेले असते. त्याच अंतरावर दुसऱ्याचा ब्रेक नुकता लागू झालेला असतो. प्रवेशद्वारातून चेंडूमागे धावत आलेल्या मुलासाठी एवढाच फरक निर्णायक असतो.

हा वेग केवळ फलक लावून उतरत नाही. वळणाची त्रिज्या लहान ठेवली की मोटारीला हळू वळावेच लागते. दुभाजकात थांबण्यापुरती जागा ठेवली की वृद्धांना रस्ता दोन टप्प्यांत ओलांडता येतो. पादचारी पट्टाच पदपथाच्या उंचीला आणला, तर तो गतिरोधकाचेही काम करतो. पदपथाचा चालण्यायोग्य भाग किमान १.८ मीटर रुंद आणि कडेची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावी, असे रोड्स काँग्रेसचा २०१२ चा पादचारीविषयक निकष सांगतो. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण आणि रस्ते रचनेची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली आणि जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ करून दाखवले. हे प्रयोग जुन्या शहराच्या मिरवण्याजोग्या रस्त्यांवर झाले; ज्या उपनगरांत माती अजून ओली आहे आणि रचना सहज बदलता येते, तेथे ते आधी व्हायला हवे होते.

उलट दिशेने होणारे निर्णयही असतात. ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतचे सेवा रस्ते मुख्य रस्त्यात विलीन करण्याचे काम मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने हाती घेतले, तेव्हा दुतर्फा असलेल्या गृहसंकुलांतील रहिवाशांनी त्यास विरोध केला. कोंडी कमी व्हावी हा हेतू गैर नाही. पण संकुलाचे फाटक उघडताच समोर अवजड वाहनांचा मार्ग येणार असेल, तर त्या वाढीव रुंदीची किंमत कोण मोजतो, हा रहिवाशांचा प्रश्नही वाजवीच होता.

उत्तरदायित्व आणि दाद

सदोष रचनेबद्दल यंत्रणेला जबाबदार धरण्याची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात आली. कलम १९८-अ नुसार निकष न पाळल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आल्यास संबंधित प्राधिकरण, ठेकेदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम अल्प असली तरी निकष हा आता केवळ सल्ला राहिलेला नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पादचाऱ्यांना सुरक्षित पदपथ मिळणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे व उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये भरपाई देण्याचे आदेश दिले.

रहिवाशांच्या अर्जाचे वजन मागणीच्या शब्दांवर ठरते. ‘गतिरोधक हवा’ असे लिहिले तर गतिरोधकच मिळतो. ‘अमुक प्रवेशद्वारापासून अमुक बसथांब्यापर्यंत रस्ता ओलांडण्याची सुरक्षित सोय नाही, पाहणी करावी’ असे लिहिल्यास पथ विभाग आणि वाहतूक शाखा यांची संयुक्त पाहणी मागता येते. तिचा अहवाल माहिती अधिकारात मिळवता येतो. अर्जाची प्रत क्षेत्रीय कार्यालय व वाहतूक शाखा या दोहोंना द्यावी. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांच्या सहभागाने अंदाजपत्रकासाठी सूचना मागविल्या जातात. पदपथ, दिवे, पादचारी पट्टे यांसाठी तोही मार्ग उपलब्ध आहे.

घर घेण्यापूर्वीच चौकशी करणाऱ्याचे काम मात्र सोपे होते. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचे मंजूर नकाशे पाहता येतात. त्यात समोरचा रस्ता किती मीटर रुंदीचा दाखवला आहे ते पाहावे आणि महापालिकेच्या विकास योजनेच्या नकाशाशी ताडून घ्यावे. त्यानंतर टेप घेऊन जागेवर जावे आणि रस्ता मोजावा. नकाशातील १८ मीटर आणि जमिनीवरील सात मीटर यांतील फरक किती भूखंडांनी अडवला आहे, हे विक्री कार्यालयात विचारावे व उत्तर लेखी मागावे.