वॉर्निशच्या दोन हातांमधील घासकाम : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
लाकडी वस्तूंच्या इतिहासात लाकडाची जात, कोरीवकाम व वॉर्निशचे घटक यांची चर्चा विपुल आढळते. मात्र एक हात वाळल्यावर व दुसरा देण्यापूर्वी पृष्ठभाग हलकेच घासण्याची क्रिया दुर्लक्षित राहिली आहे. कारागीर तिला ‘पेपर मारणे’ म्हणतात. ही क्रिया शतकानुशतके टिकली. परंतु तिचे प्रयोजन लेपद्रव्यानुसार बदलत गेले, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

लाखेचा कालखंड :
जॉन स्टॉकर व जॉर्ज पार्कर यांचा वॉर्निशकामावरील इंग्रजी ग्रंथ इ.स. १६८८ मध्ये ऑक्सफर्ड येथे प्रसिद्ध झाला. त्यात स्पिरिटमध्ये विरघळविलेल्या लाखेचे अनेक हात देण्याच्या कृती आहेत. ही लाख पूर्वेकडील देशांतून, मुख्यतः हिंदुस्थानातून, युरोपात जात असे. थर घासण्यासाठी ‘रश’ या सिलिकायुक्त वनस्पतीचे वाळलेले देठ व अखेरच्या झिलईसाठी त्रिपोली नावाची मऊ माती वापरली जाई. लाखेचा नवा हात जुन्या हाताला काही अंशी विरघळवून त्याच्याशी एकजीव होतो. म्हणून येथे घासण्याचा हेतू पकड निर्माण करणे हा नसून धुळीचे कण व कुंचल्याच्या रेघा काढून पृष्ठभाग समतल करणे हा होता.

साधनांतील परिवर्तन :
एकोणिसाव्या शतकात अपघर्षक कागदाचे कारखानी उत्पादन वाढले. इ.स. १८३४ मध्ये अमेरिकेत आयझॅक फिशर यांना अशा कागदासंबंधी पेटंट मिळाले. १८९१ मध्ये एडवर्ड अ‍ॅचेसन यांनी सिलिकॉन कार्बाइड तयार केले. १९२१ मध्ये पाण्यासह वापरता येणारा कागद बाजारात आला. त्यामुळे घासताना उडणारी धूळ कमी झाली.

प्रयोजनातील बदल :
इ.स. १९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायर व सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेनचे रसायनशास्त्र विकसित केले. या वर्गातील वॉर्निश वाळताना त्याचे रेणू परस्परांशी जोडले जातात. पूर्ण वाळलेला थर पुढील हाताने विरघळत नाही. ठरावीक मुदत टळल्यास बारीक ओरखड्यांवाचून नवा थर नीट धरत नाही व कालांतराने सुटतो. अशा रीतीने समतलतेसाठी केली जाणारी क्रिया थरांच्या पकडीसाठीही अनिवार्य ठरली.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसते की, हाताची हालचाल तीच राहिली तरी तिचा अर्थ द्रव्याने ठरविला. उत्तम घासकाम स्वतःची खूण मागे ठेवत नाही. परिणामी झिलईचे श्रेय वॉर्निशला मिळते व कारागिराचे श्रम नोंदीबाहेर राहतात. जुन्या कृतींमध्ये किती वेळा थांबावे व किती वेळा घासावे याचे जे निर्देश आहेत, ते या श्रमांचे महत्त्वाचे लिखित पुरावे होत. जुन्या वस्तूंचे नूतनीकरण करतानाही हे भान आवश्यक आहे. कारण अविचाराने केलेल्या घासकामात मूळ थर व त्यासोबत इतिहासाचे साधनच नष्ट होते.