मालगुडी आणि राजमची छावणी

आर. के. नारायण यांनी 'स्वामी अँड फ्रेंड्स' ही कादंबरी 1930 मध्ये बेंगळुरूत आजीच्या घरी लिहावयास घेतली. ती 1935 मध्ये ग्रॅहम ग्रीन यांच्या साहाय्याने प्रसिद्ध झाली. अनेक मराठी वाचकांना स्वामी प्रथम भेटला तो दूरदर्शनवर, मराठी रंगभूमीवर वावरलेल्या शंकर नाग यांच्या मालिकेतून. मल्लेश्वरम् आणि बसवनगुडी मिळून 'मालगुडी' झाले, ही व्युत्पत्ती वाचकांनी मोठ्या ममत्वाने जपली आहे. नारायण यांच्या आठवणीत मात्र ते नाव रेल्वेस्थानकासह आपसूक सुचलेले आहे.

तरीही ही लोकव्युत्पत्ती बोलकी आहे. तीत पेठेकडच्या दोन वसाहती येतात. 1949 पर्यंत स्वतंत्र कारभार असलेली छावणी, म्हणजे आजच्या शिवाजीनगरचा परिसर, वगळली जाते. राजम मात्र प्रवृत्तीने छावणीचाच: पोलीस अधिकाऱ्याचा सफाईदार इंग्रजी बोलणारा मुलगा. 15 ऑगस्ट 1930 च्या निषेधसभेत स्वामी टोपी जाळतो. दुसऱ्या दिवशी जमावावर लाठ्या चालविणाऱ्या पोलिसांचा प्रमुख राजमचा बाप निघतो. स्नेहाळ स्मरणात ही तेढ सहसा उरत नाही. कादंबरीत ती शेवटपर्यंत आहे. राजमची गाडी सुटते, स्वामीने आणलेले पुस्तक मणी धावत जाऊन त्याच्या हाती देतो. गाडी सुटताना राजम काही बोलू पाहतो, पण ते शब्द त्याच्या ओठांवरच राहतात.